अन्नावरची वासना उडते तेव्हा: भुकेची हॉर्मोन्स आणि अल्झायमर

ताई, तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आई ७४ वर्षांच्या, तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेल्या वर्षभरात वजन ५८ किलोवरून ५१ वर आलं. ताटावर बसतात, दोन घास खातात, ‘पोट भरलं’ म्हणून उठतात आणि तासाभराने ‘मला आज कुणी जेवायलाच दिलं नाही’ म्हणून रडतात. लेप्टिन आणि घ्रेलिन ही भुकेची हॉर्मोन्स अल्झायमरमध्ये बिघडतात असं तुम्ही वाचलंत. म्हणून तुम्ही विचारता: त्यांची रक्ततपासणी करावी का? हॉर्मोनचं औषध मिळतं का? आणि तुम्ही स्वतः ४९ वर्षांच्या, वजन जास्त, रक्तातली साखर काठावर, तर वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं घेतली तर हा आजार तुमच्या वाट्याला येणार नाही का?

हॉर्मोन्सकडे वळण्याआधी एक गोष्ट. ५८ मधले ७ किलो म्हणजे वर्षभरात १२ टक्के वजन गेलं. या वयात, या आजारात हा आकडा मला झोपू देणार नाही. आम्ही साधारणपणे सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के घट झाली तरी शोध सुरू करतो. त्यामुळे पुढचं सगळं वाचून होईपर्यंत थांबू नका, आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांची या आठवड्यातली वेळ घ्या. कशासाठी, ते खाली सविस्तर सांगतो.

आता मूळ विषय. मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या जागेत, हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथे चेतापेशींचे दोन गट समोरासमोर काम करतात. एक गट ‘खा’ म्हणतो, दुसरा ‘पुरे’ म्हणतो. कुणाचं ऐकायचं हे शरीराकडून येणाऱ्या निरोपांवर ठरतं. जठर रिकामं झालं की तिथून घ्रेलिन निघतं आणि पहिल्या गटाला जागं करतं. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात; साठा भरलेला आहे, घाई नाही, असा तो निरोप असतो. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन आणि अमायलिन, तर आतड्यातून जीएलपी-१ येतं. हीसुद्धा ‘पुरे’च्या बाजूची.

लेप्टिनचा शोध तसा अलीकडचा आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं. जन्मजात प्रचंड लठ्ठ असणाऱ्या उंदरांच्या एका जातीत नेमकं कोणतं जनुक बिघडलंय याचा माग काढताना ते हाती लागलं. घ्रेलिन १९९९ मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी शोधलं. सुरुवातीची काही वर्षं सगळ्यांचं लक्ष लठ्ठपणाकडेच होतं. मग एक विचित्र गोष्ट समोर आली. या हॉर्मोन्सचे ग्राहक, म्हणजे पेशीवर त्यांना धरून घेणारी प्रथिनं, फक्त हायपोथॅलॅमसमध्ये नव्हती. हिप्पोकॅम्पसमध्येही होती. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, आणि अल्झायमर सगळ्यात आधी ज्या भागांवर घाला घालतो त्यांतला एक.

भुकेच्या निरोपाचं आठवणींच्या घरात काय काम? मला यात आश्चर्यापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. ज्या प्राण्याला भूक लागते त्याला कालचं अन्न कुठे मिळालं होतं हे आठवावं लागतं. उपाशी प्राणी विसराळू असून चालत नाही. २००६ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घ्रेलिन दिल्यावर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या जोडण्या वाढतात आणि त्यांची स्मरणाची कामगिरी सुधारते. घ्रेलिनचं जनुक काढलेल्या उंदरांत या जोडण्या कमी आढळल्या. लेप्टिनच्या बाबतीतही प्रयोगशाळेतले पुरावे त्याच दिशेचे आहेत. ते हिप्पोकॅम्पसमधल्या जोडण्या बळकट करतं, आणि पेशींवरच्या प्रयोगांत ॲमिलॉइड तयार होण्याचं प्रमाण कमी करतं. ॲमिलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये पेशींबाहेर साचणारं प्रथिन. पेशींच्या आत गुंता करणारं दुसरं प्रथिन टाऊ.

इथवर वाचलं की कुणालाही वाटेल, लेप्टिन वाढवा, घ्रेलिन वाढवा, प्रश्न सुटला. माझ्याकडे येणाऱ्या नातेवाईकांपैकी जे खूप वाचून येतात ते नेमके याच पायरीवर उभे असतात. इथूनच खरी अडचण सुरू होते, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

लेप्टिनवरचा सगळ्यात गाजलेला मानवी अभ्यास अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा, २००९ सालचा. डिमेन्शिया (स्मृती आणि समज घटत जाण्याची अवस्था; अल्झायमर हे तिचं सगळ्यात नेहमीचं कारण) नसलेल्या, सरासरी ७९ वर्षं वयाच्या ७८५ जणांचं लेप्टिन मोजून ठेवलं आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचं लेप्टिन सगळ्यात कमी होतं त्या एक चतुर्थांश लोकांना १२ वर्षांत अल्झायमर होण्याचा धोका २५ टक्के निघाला, तर सगळ्यात जास्त लेप्टिनवाल्या एक चतुर्थांशांचा ६ टक्के. फरक मोठा आहे. पण यावरून ‘लेप्टिन कमी पडलं म्हणून अल्झायमर झाला’ असं म्हणता येतं का?

लेप्टिन चरबीतून येतं. माणूस बारीक होऊ लागला की लेप्टिन उतरणारच. आणि अल्झायमर विसरण्याच्या पहिल्या तक्रारीच्या कितीतरी आधी, १५-२० वर्षं, मेंदूत शांतपणे सुरू झालेला असतो. मग ७९ व्या वर्षी ज्याचं लेप्टिन कमी भरलं तो मुळात निरोगी होता, की आजाराने आतून पोखरायला सुरुवात केली होती आणि उतरणारं वजन ही त्याची पहिली खूण होती?

या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासाने दिलं. दहा हजारांहून जास्त माणसं, २८ वर्षं पाठपुरावा. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांचं वजन निदानाच्या १६ ते २८ वर्षं आधी इतरांपेक्षा जास्त होतं. मग अंतर मिटत गेलं, आणि निदानाच्या साधारण ८ वर्षं आधीपासून त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी भरू लागलं. पन्नाशीतला लठ्ठपणा धोका वाढवणारा ठरला, साठी-सत्तरीतला तसा ठरला नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे २० लाख लोकांच्या नोंदींवरून ‘जाड माणसांना डिमेन्शिया कमी होतो’ अशा बातम्या आल्या होत्या. मला त्यात मोठा वाटा याच उलट्या क्रमाचा वाटतो: बारीक असल्यामुळे आजार नव्हे, आजारामुळे बारीक.

उंदरांतही हेच दिसलं. अल्झायमरसारखा आजार होणाऱ्या उंदरांच्या एका वाणात, मेंदूत ॲमिलॉइडची पुटं दिसण्याआधीच वजन आणि लेप्टिन कमी आढळलं. लेप्टिन उतरलं की ‘खा’ म्हणणाऱ्या पेशी खवळायला हव्या होत्या. त्या खवळल्याच नाहीत. विरघळलेल्या ॲमिलॉइडने हायपोथॅलॅमसमधल्या त्या पेशींनाच बधिर केलं होतं. शरीर ‘साठा संपतोय’ असा निरोप पाठवत राहिलं आणि तो घेणारं कुणी जागं नव्हतं. तुमच्या आईंच्या बाबतीत असंच काहीतरी घडत असावं, असं मला वाटतं. ‘पोट भरलं’ हे त्यांचं वाक्य बहाणा नाही. त्यांना खरंच तसं वाटत असतं.

म्हणजे एकच गोष्ट दोन वयांत दोन उलट अर्थ घेऊन येते. पन्नाशीत भरपूर चरबी असते, लेप्टिनही भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. रक्तातून मेंदूत लेप्टिन नेणारी वाट मर्यादित आहे. लठ्ठपणात ती अपुरी पडते आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड चरबीही तिच्यात अडथळा आणते. रक्तात महापूर आणि मेंदूत दुष्काळ. पंचाहत्तरीत चरबीच झडते, म्हणून लेप्टिन खरोखर कमी असतं. दोन्ही वेळा हिप्पोकॅम्पसला ते पुरेसं मिळत नसावं, पण दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. ‘लेप्टिन वाढवा’ असा एक सरसकट सल्ला देणारा माणूस वय विचारत नसेल, तर त्याच्या सल्ल्याकडे पाठ फिरवा.

घ्रेलिनच्या बाबतीत तर थेट औषधाचीच परीक्षा झाली. घ्रेलिनच्याच ग्राहकावर बसणारं, गोळीच्या रूपात घेता येणारं एमके-६७७ नावाचं रसायन २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्झायमरच्या ५६३ रुग्णांवर तपासलं गेलं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, वर्षभर. औषध शरीरात पोहोचलं, त्याने जे वाढायला हवं होतं ते आयजीएफ-१ नावाचं दुसरं हॉर्मोनही रक्तात चांगलं ७० टक्क्यांच्या वर वाढलं. आजाराच्या वाटचालीत मात्र तिळमात्र फरक पडला नाही. त्याचं एक संभाव्य कारण २०१९ मध्ये पुढे आलं. अल्झायमरच्या मेंदूत ॲमिलॉइड घ्रेलिनच्या ग्राहकालाच जाऊन चिकटतं आणि त्याला शेजारच्या डोपामिनच्या (मेंदूतल्या आणखी एका निरोप्या रसायनाच्या) ग्राहकाबरोबर जोडी करू देत नाही. ती जोडी झाल्याशिवाय हिप्पोकॅम्पसमध्ये पुढचं काम होत नाही. दारावरची बेल कितीही जोरात वाजवली तरी आत तार तुटली असेल तर काय उपयोग! उंदरांमध्ये दोन्ही ग्राहकांना एकाच वेळी चेतवल्यावर फायदा दिसला, पण उंदरांना झालेला फायदा माणसांत उतरल्याची उदाहरणं या आजाराच्या इतिहासात फार थोडी आहेत.

हे एमके-६७७ व्यायाम करणाऱ्यांना स्नायू वाढवणारं म्हणून इंटरनेटवर विकलं जातं. एका मुलाने आपल्या वडिलांसाठी ते मागवून दिलं होतं, भूक वाढेल म्हणून. वडिलांच्या पायांवर सूज आणि साखर चढलेली, अशा अवस्थेत ते माझ्यासमोर आले. मुलाची माया खोटी नव्हती. पण कंबरेचं हाड मोडलेल्या वृद्धांवरची याच रसायनाची एक चाचणी हृदयाच्या कार्यात बिघाड दिसू लागल्यामुळे अर्ध्यावर थांबवावी लागली होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. ‘लेप्टिन वाढवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचंही तेच. लेप्टिन प्रथिन आहे. गोळीतून घेतलं तर पोटात इतर प्रथिनांसारखं पचून जाईल.

रक्ततपासणीबद्दल तुम्ही विचारलंत. करू नका. पैसे जातील आणि आलेल्या आकड्यावरून उपचारात काडीचाही बदल होणार नाही. लेप्टिन दिवसाच्या वेळेनुसार हलतं, स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि मुख्य म्हणजे अंगावर चरबी किती यावर ठरतं, जे वजनकाटा फुकटात सांगतो. घ्रेलिन जेवणाआधी चढतं, जेवल्यावर उतरतं आणि त्याचं सक्रिय रूप रक्त काढल्यावर नळीतच भराभर बिघडतं, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या नमुन्याच्या अहवालावर विसंबता येत नाही. निदानासाठी किंवा आजार किती पुढे गेलाय हे ठरवण्यासाठी यातली एकही चाचणी वापरली जात नाही.

इन्सुलिनचा उल्लेख राहिला. मधुमेह आणि डिमेन्शियाचं नातं पक्कं आहे. रॉटरडॅमच्या १९९९ च्या अभ्यासात मधुमेहींमध्ये डिमेन्शियाचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला होता. शरीरात इन्सुलिन मोडणारं एक विकर (एन्झाइम) आहे, तेच ॲमिलॉइडही मोडतं. इन्सुलिन सतत चढं राहिलं तर ते तिकडेच गुंतून राहतं आणि ॲमिलॉइड साचत जातं, असा एक तर्क आहे. अल्झायमरला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ म्हणण्याची टूम निघाली आहे. मी स्वतः हा शब्द रुग्णांसमोर वापरत नाही. साखर अगदी नेमकी असणाऱ्यांनाही अल्झायमर होतो, आणि हा शब्द ऐकून ज्यांनी आयुष्यभर पथ्य पाळलं त्यांना उगाच अपराधी वाटतं. नाकावाटे इन्सुलिनचा फवारा मारून पाहण्याचा प्रयोगही झाला. २०१२ च्या १०४ जणांच्या छोट्या चाचणीत आशा दिसली, २०२० च्या २८९ जणांच्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर फायदा दिसला नाही.

आता तुमच्या इंजेक्शनांकडे येतो, कारण या प्रश्नावर सध्या सगळ्यात जास्त गोंधळ आहे. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड ही औषधं आतड्यातल्या जीएलपी-१ हॉर्मोनची नक्कल करतात. भूक कमी होते, जठर हळू रिकामं होतं, साखर उतरते. त्यांनी मेंदूतला दाहही कमी होतो असं प्राण्यांत दिसलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेहींच्या आरोग्यनोंदी तपासून असं प्रसिद्ध झालं की सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये इतर मधुमेहाच्या औषधांच्या तुलनेत अल्झायमरचं निदान ४० ते ७० टक्के कमी झालं. त्या आकड्याने अनेकांची झोप उडवली, आशेने. पण नोंदींवरच्या अभ्यासात हे महागडं, नवं औषध कोणाला मिळालं याचाही वाटा असतो: बहुधा ज्यांची तब्येत आणि डॉक्टरांकडची ये-जा आधीच बरी होती त्यांना.

खरी कसोटी इव्होक आणि इव्होक प्लस या दोन चाचण्यांची होती. ५५ ते ८५ वयाचे, अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातले एकूण ३८०८ रुग्ण, दोन वर्षं, रोज सेमाग्लुटाइडची गोळी किंवा खोटी गोळी. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला. काही जैविक खुणा सुधारल्या, पण विस्मरणाचा आणि दैनंदिन कामं जमेनाशी होण्याचा वेग कमी झाला नाही. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या कितीतरी रुग्णांच्या घरच्यांनी त्या तारखेवर आस लावली होती.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. ज्यांना आजार झालाय त्यांच्यात हे औषध चाललं नाही. ज्यांना झालेला नाही त्यांच्यात ते आजार टाळतं का, हे या चाचण्यांनी तपासलेलंच नाही. म्हणून तुमचं वजन आणि साखर बघून तुमच्या डॉक्टरांना ही इंजेक्शनं योग्य वाटली, तर वजनासाठी आणि साखरेसाठी जरूर घ्या. अल्झायमरपासून संरक्षण मिळेल म्हणून घेऊ नका. ४९ व्या वर्षी वजन उतरवणं, साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणणं हे मेंदूसाठी फायद्याचं आहे, ते औषधाने होवो वा चालण्याने. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली. त्यांत मधुमेह, लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल आहेत, तसं ऐकू कमी येणंही आहे, ज्याकडे कुणीच बघत नाही. ही सगळी मिळून जगातल्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शियामागे असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. तुमचं वय हे सगळं करण्याचं आहे. आणि हेच इंजेक्शन आईंना कधीही नको. त्यांच्या अंगावर उतरवण्यासारखं काही उरलेलं नाही. भूक आणखी मरेल आणि स्नायू जातील.

आईंकडे परत येतो. हॉर्मोन्स दुरुस्त करता येत नाहीत म्हणून हात टेकायचे असं अजिबात नाही. उलट वजन घटण्याची जी कारणं हाती लागतात त्यातली बहुतेक हॉर्मोन्सच्या बाहेरची असतात.

पहिलं कारण त्यांच्या औषधांच्या डबीत शोधा. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, गॅलँटामाइन ही अल्झायमरची नेहमीची औषधं. मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना उडणं आणि वजन घटणं हे त्यांचे ठाऊक असलेले दुष्परिणाम. वजन घसरायला लागलं तो महिना आणि औषध सुरू केलेला किंवा मात्रा वाढवलेला महिना शेजारी शेजारी लिहून बघा. जुळले तर डॉक्टरांशी बोला. मात्रा कमी करता येते, रिव्हास्टिग्माइनची गोळी चालत नसेल तर चिकटपट्टी देता येते, कधी औषध थांबवणंच हिताचं ठरतं. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही भूक कमी करतं आणि बी-१२ उतरवतं, हे लक्षात आणून द्या.

मग तोंड उघडून बघा, खरोखर. सैल झालेली कवळी, हिरडीतली गाठ, तोंड आलेलं, कोरडं तोंड. आईंना दुखतंय हे सांगता येत नसेल, त्या फक्त घास बाजूला सारतील. बद्धकोष्ठ आहे का? गिळताना ठसका लागतो का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड तपासलं का? रडणं किती वेळा आणि कशावरून, कारण उदासीचा आजार याच्या आड लपतो आणि त्याला उपचार आहे. वास घेण्याची शक्ती या आजारात लवकर जाते, आणि वास गेला की चव जवळपास गेलीच. म्हणून चव जरा ठळक हवी.

आणि ते ‘मला जेवायलाच दिलं नाही’. हे ऐकून तुम्हाला किती लागतं, ते तुमच्या पत्रातून कळलं. यावर एक गोष्ट सांगतो. १९५३ मध्ये अपस्मारासाठी हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर नवी आठवण त्यांना धरून ठेवता येईना. एकदा संशोधकांनी त्यांचं जेवण झाल्यावर मिनिटभरात दुसरं ताट समोर ठेवलं. ते त्यांनी जवळजवळ पूर्ण संपवलं. जेवल्याची तृप्ती फक्त जठरातून येत नाही, ‘मी आत्ता जेवलो’ ही आठवणही तिचा भाग असते. तुमच्या आईंचे दोन्ही दोर सुटलेत: ताटावर बसल्यावर भूक जागी होत नाही, आणि उठल्यावर जेवल्याची आठवण राहत नाही. त्या खोटं बोलत नाहीत, तुमच्यावर आरोपही करत नाहीत. ‘आत्ताच तर जेवलीस’ असं सांगून वाद घालू नका. त्या रडण्याच्या क्षणाला संधी माना. त्या वेळी त्या स्वतःहून अन्न मागताहेत! थोडं काहीतरी पौष्टिक हाताशी तयार ठेवा आणि लगेच पुढे करा. माझ्या एका रुग्णाच्या सुनेने याच युक्तीवर तीन महिन्यांत दोन किलो परत आणले. तिन्ही त्रिकाळ भरल्या ताटाचा आग्रह सोडला आणि दिवसातून सहा-सात वेळा छोटी वाटी दिली.

ताटाबद्दलही सांगायचं आहे. पांढऱ्या ताटात पांढरं अन्न या रुग्णांना नीट दिसतच नाही. २००४ मध्ये आजार पुढे गेलेल्या नऊ रुग्णांवर बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गडद लाल ताट-पेला वापरून पाहिला, तेव्हा खाणं सरासरी २५ टक्के आणि पिणं ८४ टक्के वाढलं. नऊच माणसं, त्यामुळे मी याला सिद्धांत म्हणणार नाही. पण एका रंगीत ताटाने कुणाचं नुकसान होणार नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगतो. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा. हातात धरून खाता येईल असं द्या. चमचा काय करायचा हे त्या विसरल्या असतील, हात विसरत नाही. दूरदर्शन बंद. तुम्ही शेजारी बसून स्वतः जेवा. समोरच्याला बघून घास उचलला जातो. दिवसाच्या ज्या वेळी त्या सगळ्यात ताज्यातवान्या असतात, त्या वेळी मुख्य जेवण ठेवा, बहुतेकांची ती सकाळ असते. जेवढं खातात तेवढ्यातच ताकद वाढवा, त्यात तेल, लोणी, दुधाची पूड, अंडं मिसळा. या वयात, या वजनात कोलेस्टेरॉलचं पथ्य मागे पडतं. तुमच्या मनाला हे पटायला जड जाईल, कारण तुमच्या स्वतःच्या ताटात नेमकं उलट चालू असायला हवं.

याउलट एखाद्याला अचानक गोडाची हाव सुटते, दिसेल ते खातो, वजन वाढतं आणि वागणंही बदलतं, असं असेल तर निदान पुन्हा तपासावं लागतं. मेंदूच्या पुढच्या भागाच्या डिमेन्शियात तसं होतं, सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये सहसा नाही. आईंचं चित्र तसं नाही, पण दुसऱ्या कुणाच्या घरात असू शकतं म्हणून लिहिलं.

पुढे कधीतरी, आजार शेवटच्या टप्प्यात गेल्यावर, कुणीतरी पोटातून नळी घालण्याचा विषय काढेल. त्या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढत नाही, फुप्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही, हे अमेरिकेच्या आणि युरोपच्या तज्ज्ञ संस्थांनी स्पष्ट म्हटलंय. हाताने, सावकाश भरवणंच योग्य. आज तो विषय नाही. पण भावंडांशी एकदा शांतपणे बोलून ठेवा, घाईच्या रात्री तो निर्णय करायला लागू नये.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना तीन कागद न्या: गेल्या वर्षभरातली जेवढी वजनं आठवतात ती तारखांसह, सगळ्या औषधांची नावं आणि सुरू केल्याचे महिने, आणि सलग तीन दिवस त्यांनी खरोखर पोटात काय घेतलं त्याची नोंद, ताटात काय वाढलं त्याची नको. घरी आल्यावर वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरलेल्या वारी, सकाळी, त्याच काट्यावर, तेवढेच कपडे अंगावर असताना. रोज केलंत तर पाण्याच्या चढउतारानेच जीव टांगणीला लागेल. महिनाभरात आणखी किलोभर उतरलं, गिळताना ठसके सुरू झाले किंवा त्या पाणीही नाकारू लागल्या, तर पुढच्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.